एक मिलिमीटर पुढे

प्लॅस्टरचा खालचा जबडा समोर ठेवायचा. एका बाजूच्या पहिल्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या दाढेपर्यंत, कमानीच्या वळणावरून मऊ पितळी तार टेकवत न्यायची आणि मग ती सरळ करून पट्टीवर मोजायची. ही हातातली जागा. दातांच्या रुंदीची बेरीज ही लागणारी जागा. वजाबाकीत उरते ती दाटी. समजा, 4 मिलिमीटर.

इथे दात सरळ करणारे दंततज्ज्ञ रॉबर्ट रिकेट्स यांच्या नावाने चालत आलेला आडाखा कामाला येतो. पटाशीचे दात 1 मिलिमीटर पुढे आणले तर कमान 2 मिलिमीटरने लांबते. सुळ्यांमधले अंतर 1 ने वाढवले तर 1 ने, दाढांमधले वाढवले तर अवघ्या पाव मिलिमीटरने. मला हा आडाखा फार आवडतो, कारण त्यातला प्रत्येक आकडा कमानीच्या आकारातूनच उमलतो.

कमानीचे टोक पुढे सरकले की तिच्या डाव्या-उजव्या दोन्ही भुजा लांबतात, म्हणून दुप्पट. सुळ्यांपुढची कमान बरीचशी आडवी, तिथे वाढलेली रुंदी बहुतेक लांबीतच जमा होते. खरी गंमत दाढांची. 1 मिलिमीटरमधला प्रत्येक दाढेच्या वाट्याला अर्धा येतो आणि तोही भुजेला जवळपास काटकोनात. दार बिजागरीवर उघडले म्हणून फळी लांब होत नाही, तसेच हे. भुजा सुमारे 15 अंश बाहेर कललेली धरली, तर त्या अर्ध्याचा जेमतेम चौथा हिस्सा लांबीत उतरतो. दोन्ही बाजू मिळून पाव!

म्हणजे आपली 4 मिलिमीटरची दाटी नुसत्या दाढा फाकवून सोडवायची तर 16 मिलिमीटर लागतील. पटाशीचे दात 2 मिलिमीटर पुढे आणले की भागते. कागदावर. त्या दातांपुढे पातळ हाड आहे, ओठ आहे. आणि खालच्या सुळ्यांमधले वाढवलेले अंतर पुन्हा आखडू पाहते. भूमिती जागा दाखवते, ती टिकेल का हे हाड ठरवते.

रुग्ण अजून दुधाच्या दाढांचा असेल, तर मी आधी याच क्षेत्रातले दंततज्ज्ञ नान्स यांचा 1947 चा हिशेब पाहीन. खालच्या जबड्यात दुधाचा सुळा आणि दोन दुधाच्या दाढा मिळून जी रुंदी व्यापतात, ती त्यांच्या जागी येणाऱ्या दातांपेक्षा सरासरी 1.7 मिलिमीटरने जास्त असते. दोन्ही बाजूंची 3.4. एरवी मागची दाढ पुढे सरकून ही जागा गिळते. आतल्या बाजूने एक तार बसवून दाढ वेळीच जागच्या जागी रोखली, तर 4 पैकी उरतात फक्त 0.6.