उत्तरायुष्यातील स्थलांतर आणि आत्मशोध : नीरद चौधरी यांच्या ऑक्सफर्ड-पर्वातील लेखनाचा विचार

प्रास्ताविक

स्थलांतराच्या साहित्याची मराठीत चर्चा होते तेव्हा तिच्या केंद्रस्थानी बहुधा तरुण माणूस असतो. शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी परदेशी गेलेला मुलगा, तेथे रुजताना होणारी त्याची ओढाताण आणि मागे राहिलेले आईवडील, हे चित्र आपल्या परिचयाचे आहे. जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’ या नाटकातील वृद्ध दांपत्य मागे राहणाऱ्यांचे प्रातिनिधिक रूप ठरले. या मांडणीत एक गृहीत दडलेले आहे : जायचे ते तरुणांनी, थांबायचे ते वृद्धांनी. परंतु ज्याचे आयुष्य बहुतांशी घडून गेले आहे असा माणूस उतारवयात स्वतःच देश सोडतो आणि परक्या भूमीत बिऱ्हाड मांडतो, तेव्हा या मांडणीचा उपयोग होत नाही. अशा माणसाच्या बाबतीत ‘नवे आयुष्य’ या शब्दप्रयोगाला नेमका कोणता अर्थ उरतो?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी प्रस्तुत लेखात नीरद चौधरी (१८९७-१९९९) यांचे उदाहरण घेतले आहे. पूर्व बंगालमधील किशोरगंज येथे जन्मलेले, कोलकाता आणि दिल्ली येथे आयुष्य काढलेले हे लेखक १९७० मध्ये, वयाची ७२ वर्षे पूर्ण झाल्यावर, ऑक्सफर्डला गेले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे २९ वर्षे, तेथेच राहिले. त्यांची गणना ‘इंग्रजधार्जिणा लेखक’ अशी करून त्यांचे हे स्थलांतर त्या वृत्तीची स्वाभाविक परिणती मानण्याची प्रथा आहे. ही समजूत त्यांच्या ऑक्सफर्डमधील ग्रंथांच्या आधारे तपासून पाहणे, हा या लेखाचा उद्देश आहे. चौधरींनी परदेशात नवे आयुष्य सुरू केले असे म्हणण्यापेक्षा, जुन्या आयुष्याचा हिशेब मांडण्यासाठी लागणारे अंतर त्यांनी तेथे मिळविले, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

ग्रंथांतून पाहिलेला देश

‘द ऑटोबायोग्राफी ऑफ अॅन अननोन इंडियन’ हे चौधरींचे पहिले पुस्तक १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या वेळी ते ५३ वर्षांचे होते. लेखक म्हणून त्यांचा जन्मच उशिरा झाला, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. या आत्मचरित्राच्या आरंभीची रचना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. बालपणीचा परिसर वर्णन करताना लेखकाने जन्मगाव, पूर्वजांचे गाव आणि आजोळ यांवर एकेक प्रकरण लिहिले आहे. चौथे प्रकरण मात्र इंग्लंडवर आहे. ज्या देशात लेखकाने तोवर पाऊलही ठेवले नव्हते, तो देश त्याने आपल्या बालपणाच्या भूगोलात समाविष्ट केला आहे. किशोरगंजच्या मुलासाठी इंग्लंड हा परदेश नव्हता, कारण पुस्तके, चित्रे आणि वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून त्या देशाचे एक मानसचित्र त्याच्यापाशी आधीच तयार होते.

हा देश त्यांनी प्रत्यक्ष पाहिला तो १९५५ मध्ये, बीबीसीच्या निमंत्रणावरून, वयाच्या ५७ व्या वर्षी. काही आठवड्यांच्या या पहिल्याच परदेशप्रवासातून ‘अ पॅसेज टु इंग्लंड’ (१९५९) हे पुस्तक सिद्ध झाले. फॉर्स्टर यांच्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ (१९२४) या कादंबरीच्या शीर्षकाला दिलेला हा प्रतिसाद उघड आहे. या पुस्तकातील आनंद हा अनोळखी देश पाहिल्याचा नाही. मनातील चित्राशी प्रत्यक्षाची खूण पटल्याचा तो आनंद आहे.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. काही आठवड्यांच्या मुक्कामावर चौधरींनी इंग्लंडविषयी संपूर्ण प्रसन्न पुस्तक लिहिले. २९ वर्षांच्या वास्तव्यातून मात्र त्या प्रसन्नतेचे दुसरे पुस्तक निर्माण झाले नाही. आयुष्याच्या अखेरीस, १९९८ मध्ये, निघालेल्या त्यांच्या निबंधसंग्रहाचे शीर्षकच ‘व्हाय आय मोर्न फॉर इंग्लंड’ असे आहे. म्हणजे पाहुणा म्हणून आलेल्या लेखकाने ज्या देशाचा गौरव केला, त्याच देशाचा रहिवासी झाल्यावर त्याने शोक केला. ग्रंथांतून भेटलेले इंग्लंड १९७० मध्ये अस्तित्वात नव्हते. उतारवयात स्थलांतर करणाऱ्याची अडचण येथे स्पष्ट होते. तरुण माणूस ज्या देशात जातो त्या देशाबरोबर स्वतःही बदलतो. वृद्ध माणूस मात्र आपल्या मनात पूर्ण झालेला देश घेऊन येतो आणि प्रत्यक्षातील देशाला त्या मापाने मोजू लागतो.

आरशातील चरित्रनायक

ऑक्सफर्डला जाण्याचे निमित्त होते माक्स म्युलर यांच्या चरित्राचे. ‘स्कॉलर एक्स्ट्राऑर्डिनरी’ हे चरित्र १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यापाठोपाठ ‘क्लाइव्ह ऑफ इंडिया’ (१९७५) आणि ‘हिंदुइझम’ (१९७९) ही पुस्तके आली. वयाच्या ७५ ते ८२ या वर्षांत इतके लेखन होणे हीच गोष्ट असामान्य आहे. परंतु समीक्षेच्या दृष्टीने विषयांची निवड अधिक बोलकी आहे.

माक्स म्युलर हे स्वतः स्थलांतरित होते. जर्मनीतील डेसाऊ येथे १८२३ मध्ये जन्मलेला हा विद्वान ऋग्वेदाच्या प्रकाशनाच्या कामासाठी १८४६ मध्ये इंग्लंडला आला आणि १८४८ मध्ये ऑक्सफर्डला स्थायिक झाला. त्याने आयुष्यभर भारताचा अभ्यास केला; भारत मात्र कधी पाहिला नाही. दीर्घ वास्तव्यानंतरही ऑक्सफर्डने त्याला पूर्णपणे आपला मानले नाही. १८६० मध्ये संस्कृतच्या बोडेन अध्यासनासाठी झालेल्या निवडणुकीत तो मुंबईत जन्मलेल्या मोनियर विल्यम्स यांच्याकडून ८३३ विरुद्ध ६१० मतांनी पराभूत झाला. त्याचे परकेपण आणि धर्मविषयक उदार मते यांचा त्या पराभवात वाटा होता. क्लाइव्हचे आयुष्य याच्या उलट होते. त्याने भारतात कीर्ती आणि संपत्ती मिळविली, परंतु मायदेशी परतल्यावर त्याला स्वस्थता लाभली नाही.

या दोन चरित्रनायकांत एक समान सूत्र आहे. दोघांच्याही आयुष्याचा अर्थ एका देशात आणि मुक्काम दुसऱ्या देशात राहिला. चौधरींनी इंग्लंडमध्ये गेल्यावर आपल्याच अवस्थेचे दोन आरसे निवडले, असे अनुमान करण्यास येथे आधार आहे. आत्मचरित्रकाराला चरित्राची गरज का वाटली, याचे उत्तरही येथेच सापडते. स्वतःचा उत्तरार्ध अद्याप चालू असताना त्याविषयी थेट लिहिणे अवघड असते. दुसऱ्याच्या आयुष्यातून तो वाचता येतो.

पुढे ‘दाय हँड, ग्रेट अनार्क!’ (१९८७) हा आत्मचरित्राचा प्रचंड दुसरा खंड नव्वदीच्या उंबरठ्यावर प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षक पोपच्या ‘डन्सिअॅड’ या काव्यातून घेतले आहे. त्याचा विषय मात्र १९२१ ते १९५२ या काळातील भारत हा आहे. ऑक्सफर्डच्या घरात बसून लेखकाने कोलकात्यातील कारकुनी, ‘मॉडर्न रिव्ह्यू’मधील संपादकीय काम, शरच्चंद्र बोस यांचे सचिवपद आणि दिल्लीतील आकाशवाणीची नोकरी यांचा तपशीलवार धांडोळा घेतला. आत्मचरित्राचा हा खंड ऑक्सफर्डपर्यंत पोहोचतच नाही. नव्या आयुष्याला लेखकाने नायकत्व दिलेले नाही.

मातृभाषेकडे वळण

चौधरींना इंग्रजधार्जिणे ठरविणाऱ्या मताला सर्वांत मोठा छेद जातो तो त्यांच्या बंगाली ग्रंथांमुळे. ‘आत्मघाती बांगाली’ (१९८८) आणि ‘आमार देवोत्तर संपत्ती’ (१९९४) ही बंगाली पुस्तके ऑक्सफर्डच्या वास्तव्यात लिहिली गेली. याचे संपूर्ण श्रेय स्थलांतराला देणे मात्र योग्य होणार नाही. ‘बांगाली जीवने रमणी’ हे त्यांचे बंगाली पुस्तक १९६८ मध्येच, म्हणजे दिल्ली सोडण्यापूर्वी, प्रसिद्ध झाले होते. मातृभाषेकडे वळण्याची क्रिया आधी सुरू झालेली होती. परदेशाने ती थांबविली नाही, उलट तिला अवकाश दिला, इतकेच म्हणता येईल. तथापि हेही थोडे नाही. आसपासची भाषा परकी असताना नव्वदी गाठलेला लेखक आपल्या समाजाशी त्याच्याच भाषेत भांडतो, तेव्हा त्याने तो समाज सोडला असे कसे म्हणावे? ‘आत्मघाती’ हे विशेषण कठोर आहे, परंतु ते उदासीन माणसाचे नाही.

‘देवोत्तर संपत्ती’ हा शब्द येथे विचारात घेण्याजोगा आहे. देवाच्या नावे अर्पण केलेली ही मिळकत. आपल्याकडील देवस्थान इनामाशी तिचे नाते आहे. अशा मिळकतीचा सांभाळ करता येतो, तिच्या उत्पन्नावर निर्वाहही होतो. पण ती आपल्या मर्जीने विकता येत नाही. उतारवयात देशांतर करणारा माणूस सोबत काय नेतो, याचे इतके नेमके वर्णन दुसरे सापडणे कठीण आहे. आपल्या परंपरेतील वानप्रस्थ हेही उत्तरायुष्यातील प्रस्थानच आहे. परंतु वानप्रस्थी संग्रह सोडण्यासाठी निघतो, तर चौधरी संग्रह सांभाळण्यासाठी निघाले. दोहोंतील हा भेद त्यांच्या उत्तरकालीन लेखनाची प्रकृती ठरवितो. त्या लेखनात निवृत्ती नाही, वाद आहे. ‘थ्री हॉर्समेन ऑफ द न्यू अपोकॅलिप्स’ (१९९७) हे शंभरीच्या उंबरठ्यावरील पुस्तकही त्याला अपवाद नाही.

मर्यादा

या उदाहरणाचे मूल्यमापन करताना त्याच्या मर्यादांकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

पहिली मर्यादा परिस्थितीची आहे. चौधरींचे स्थलांतर निश्चित ग्रंथकार्य, इंग्रजीवरील प्रभुत्व, प्रकाशक आणि ग्रंथालयांनी समृद्ध असे विद्यापीठनगर यांच्या आधाराने झाले. पुढे १९९० मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना मानद डी. लिट. दिली. मुलांकडे राहावयास गेलेल्या आणि भाषा, वाहन, ओळखी या सर्वच बाबतींत परावलंबी झालेल्या वृद्धांना हा अनुभव लागू करता येत नाही.

दुसरी मर्यादा दृष्टीची आहे. चौधरी इंग्लंडला गेले तो काळ तेथील भारतीयांसाठी साधा नव्हता. स्थलांतरितांवरील निर्बंध १९६२, १९६८ आणि १९७१ च्या कायद्यांनी क्रमाने कडक होत गेले. १९७२ मध्ये युगांडातून हाकलले गेलेले सुमारे २८,००० आशियाई लोक ब्रिटनमध्ये आले. त्यांतील कित्येकांना प्रौढ वयात, हाती काही नसताना, दुकान किंवा कारखान्यातील कामापासून पुन्हा सुरुवात करावी लागली. चौधरींच्या ऑक्सफर्डमधील प्रमुख ग्रंथांच्या केंद्रस्थानी हे जग नाही. स्वतः स्थलांतरित असलेल्या इतिहासप्रेमी लेखकाच्या बाबतीत ही उणीव नोंदविली पाहिजे.

तिसरी मर्यादा घरातील आहे. त्यांच्या पत्नी अमिया यांनीही त्याच वेळी देश सोडला आणि १९९४ मध्ये ऑक्सफर्ड येथेच त्यांचे निधन झाले. पतीच्या ग्रंथसंपदेवरून पतीच्या नव्या आयुष्याचे फलित मांडता येते. पत्नीच्या नव्या आयुष्याचे मांडता येत नाही. उत्तरायुष्यातील स्थलांतर पुष्कळदा जोडप्याचे असते आणि निर्णयाचा इतिहास मात्र एकाच्याच नावावर जमा होतो.

एक प्रति-उदाहरण

चौधरींचे जाणे ऐच्छिक होते. म्हणून त्याच्याशेजारी अनैच्छिक स्थलांतराचे एक उदाहरण ठेवून पाहणे आवश्यक आहे. पंढरपूर येथे जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी चित्रांवरून झालेले खटले आणि प्रदर्शनांवरील हल्ले यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये, नव्वदीत, भारत सोडला. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व स्वीकारले आणि ९ जून २०११ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. या अखेरच्या पर्वात अरब संस्कृतीवरील चित्रमालिकेबरोबरच भारतीय संस्कृतीवरील चित्रमालिकाही त्यांनी हाती घेतली होती. तिच्यातील पूर्ण झालेली चित्रे २०१४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात प्रदर्शित झाली.

दोन्ही कलावंतांचे मार्ग भिन्न, प्रकृती भिन्न, जाण्याची कारणेही भिन्न. तरीही परदेशी गेल्यावर दोघांच्या हातून सोडलेल्या देशाचेच मोठे काम घडले, हे साम्य प्रस्तुत प्रतिपादनाला पुष्टी देते. मात्र त्यातील भेद विसरता कामा नये. चौधरींनी अंतर निवडले होते. हुसेन यांच्यावर ते लादले गेले. अंतरामुळे कलावंताला लाभ होतो, हे विधान पहिल्या उदाहरणात समीक्षेचे विधान ठरते. दुसऱ्या उदाहरणात तेच विधान अन्यायाचे समर्थन ठरण्याचा धोका असतो.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. उत्तरायुष्यातील स्थलांतराला तरुणांच्या स्थलांतराचे निकष लावणे अप्रस्तुत आहे. तेथे रुजणे, सामावून जाणे, यशस्वी होणे हे प्रश्न गौण ठरतात. माणूस सोबत काय घेऊन आला आणि उरलेल्या काळात त्याने त्याचे काय केले, हा मुख्य प्रश्न असतो. चौधरींनी सोबत आणलेले इंग्लंड इंग्लंडमध्येच हरवले. सोबत आणलेला बंगाल मात्र ग्रंथरूपाने कोलकात्याला परत गेला. त्यांच्या मतांशी सहमत होण्याची गरज नाही. त्यांतील बरीच मते आज टिकणारीही नाहीत. परंतु त्यांच्या जाण्याला पलायन म्हणण्यापूर्वी त्यांनी परत पाठविलेल्या पुस्तकांची मोजदाद करणे समीक्षेला बंधनकारक आहे.

मराठी समाजातही निवृत्तीनंतर मुलांजवळ परदेशी कायमचे राहावयास जाणाऱ्यांची पिढी आता अपवादात्मक राहिलेली नाही. त्यांतील बहुतेकांना चौधरींसारखी साधने नाहीत आणि त्यांचे लेखन झालेच तर ते पत्रे, रोजनिशी, घरगुती आठवणी या रूपात असते. ‘संध्याछाया’ने मागे राहिलेल्यांना वाचा दिली. निघून गेलेल्या वृद्धांच्या या कागदपत्रांकडे वाङ्मयीन साधन म्हणून पाहण्याचे काम महाविद्यालयीन स्तरावरील संशोधनाने हाती घेतले, तर त्यांच्यापाशी असलेली देवोत्तर संपत्ती कोणती, हे निदान समजू शकेल.