वेरूळची चोवीस चित्रे

वेरूळच्या लेण्यांच्या चोवीस मुद्राचित्रांचा संग्रह १८०३ मध्ये लंडनला निघाला. शीर्षकपानानुसार मूळ चित्रे जेम्स वेल्सची, कोरीवकाम टॉमस डॅनियलच्या देखरेखीखालचे. वेल्स १७९५ मध्येच निवर्तला होता; छापलेली पाने त्याने पाहिलीच नाहीत. त्यामुळे या दुर्मिळ ग्रंथाला प्रत्यक्षदर्शी पुरावा मानणे मला घाईचे वाटते.

अ‍ॅक्वाटिंट पद्धतीत तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड बसवून आम्लाची क्रिया घडवतात. त्यातून रेघेऐवजी छायांचे थर मिळतात. लेण्यांतल्या अंधाराला हे तंत्र फार मानवते, हे या ग्रंथाचे खरे यश. पण त्याच मऊ छायेत छिन्नीचा घाव हरवतो. वरून खाली खोदत आणलेले कैलास लेणे एखाद्या बांधीव वास्तूच्या रम्य अवशेषासारखे भासू लागते.

पुण्याचा चित्रकार गंगाराम तांबट यानेही रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी वेरूळ चितारले होते. त्याची चित्रे आज अमेरिकेत, येलच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. माझा आग्रह एवढाच, की डॅनियलची पाने अभ्यासताना शेजारी गंगारामची चित्रे ठेवावीत. या ग्रंथात वेरूळ किती आणि लंडन किती, याचा निवाडा त्याशिवाय होणार नाही.