शादलू जिथे, चषक तिथे?

दिवाळीला गावी आलो होतो. परत निघायला मुद्दाम उशीर केला, कारण ३१ ऑक्टोबरला प्रो कबड्डीची फायनल होती आणि ती होस्टेलच्या खोलीत मोबाइलवर एकट्याने बघण्यात काय मजा? श्रीगोंद्यात चुलत्यांच्या घरी आम्ही आठ-दहा जण टीव्हीसमोर बसलो होतो. दबंग दिल्ली ३१, पुणेरी पलटण २८. तीन गुणांनी कप गेला. पलटण म्हणजे इथे नुसती पुण्याची टीम नाही. कर्णधार अस्लम इनामदार आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. त्यामुळे घरातलंच कुणी हरल्यासारखी शांतता झाली.

ती शांतता सकाळपर्यंत टिकली. दुसऱ्या दिवशी टपरीवर गेलो तर पुढच्या हंगामाची टीम बांधायला सुरुवातसुद्धा झालेली. कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, लिलावात पैसे कुठे लावायचे. दोन हंगामांच्या मधले महिने या गप्पांवरच निघतात. आणि सगळी चर्चा फिरून एकाच वाक्यावर येत होती. माझा चुलतभाऊ चहाचा ग्लास खाली ठेवून ठासून म्हणाला, "शादलू जिथे, चषक तिथे. पलटणनं त्याला सोडलं तिथंच खेळ संपला."

आज या एका वाक्याची चिरफाड करायची आहे. तुमच्यातले बरेच जण पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करताय, काहींचा सिनॉप्सिसही लिहून झाला असेल. तुम्ही मला वाचायला पाठवता त्या बऱ्याच सिनॉप्सिसमध्ये हेच वाक्य असतं. फक्त शादलूच्या जागी एखादं खत, एखादं ॲप किंवा एखादी शिकवण्याची पद्धत असते.

आधी वाक्याची बाजू नीट मांडू. समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडता आलं नाही, तर ते खोडायचा अधिकार आपल्याला नाही. मोहम्मदरेझा शादलू हा इराणचा डावा कोपरारक्षक. दहाव्या हंगामाच्या लिलावात, ऑक्टोबर २०२३ मध्ये, पलटणने त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा कप उचलला. शादलू त्या हंगामातला सर्वोत्तम बचावपटू, पकडीचे ९९ गुण. पुढच्या लिलावात पलटणला तो राखता आला नाही, हरियाणाने २ कोटी ७ लाखांना नेला. मग २९ डिसेंबर २०२४ ला, तेही आपल्याच बालेवाडीत, हरियाणाने पाटण्याला ३२-२३ हरवून त्यांचा पहिला कप घेतला. शादलू हंगामाचा सर्वात मौल्यवान खेळाडू. आणि त्याच हंगामात पलटण प्लेऑफमध्येसुद्धा नाही.

बघा, काय सुंदर पुरावा आहे! तो आला, कप आला. तो गेला, कप गेला. तो जिकडे गेला, कप तिकडे गेला. एखाद्या थेसिसचा निष्कर्ष यावर आरामात उभा राहिला असता.

आता एकच प्रश्न विचारा. तो यायच्या आधी या टीम कुठे होत्या?

नवव्या हंगामात, डिसेंबर २०२२ मध्ये, फायनल झाली जयपूर आणि पुणेरी पलटणमध्ये. जयपूर ३३-२९ ने जिंकलं. म्हणजे शादलू पलटणकडे आला तेव्हा पलटण आधीच उपविजेती होती, चार गुण कमी पडले होते. दहाव्या हंगामाची उपविजेती कोण? हरियाणा. शादलू पुढे कुठे गेला? हरियाणाला. दोन्ही वेळा तो आदल्या वर्षी फायनल हरलेल्या टीममध्ये गेलाय. एक पायरी शिल्लक असलेल्या जिन्यावर उभं राहून वर पोचलो, तर जिना मी बांधला असं म्हणायचं का? शेवटची पायरी त्याने चढवली असेल. शक्य आहे, मला तर तसंच वाटतं. पण 'शेवटची पायरी चढवली' आणि 'कप आणला' ही दोन वेगळी विधानं आहेत आणि दोघांना वेगळा पुरावा लागतो.

नशिबाने तिसरी नोंदही मिळाली. बाराव्या हंगामाच्या लिलावात गुजरात जायंट्सने त्याला २ कोटी २३ लाखांना घेतलं. गुजरात आदल्या हंगामात प्लेऑफच्या बाहेर होतं. शादलू आल्यावरही बाहेरच राहिलं. उलट बाजूनेही पाहा. आठव्या आणि नवव्या हंगामात तो पाटण्याकडे होता. आठव्यात पाटणा फायनलला एका गुणाने हरलं, नवव्यात प्लेऑफला पोचलंच नाही. पाच हंगाम, दोन कप. टपरीवर मोजले गेले ते फक्त मधले दोन हंगाम. कारण चषक दिसला तिथून मोजायला सुरुवात केली आणि चषक दिसेनासा झाला तिथे मोजणं थांबवलं.

हे मी इतक्या खात्रीने सांगतोय, कारण हीच चूक मी पूर्ण एक पावसाळा खर्च करून केली आहे. माझं काम कागदी लिंबावरच्या खैऱ्या रोगावर आहे. श्रीगोंदा तालुका लिंबाचा, त्यामुळे बागांना तोटा नाही. पहिल्या वर्षी मी एक जैविक फवारणी करणारे बागायतदार आणि न करणारे बागायतदार निवडले, पावसाळ्यात पानांवरचे, फळांवरचे चट्टे मोजले. फवारणीच्या बागांत चट्टे कितीतरी कमी! मी आलेख काढले, रंग दिले, प्रगती अहवालाच्या सादरीकरणाला गेलो. समितीतल्या बाहेरून आलेल्या बाईंनी दुसऱ्याच स्लाइडवर विचारलं, "फवारणीच्या आधी या बागांत किती चट्टे होते?"

माझ्याकडे आकडा नव्हता. मोजलंच नव्हतं.

घरी येऊन एकेक बाग आठवत बसलो. नवीन औषध आणून फवारणारा शेतकरी कोण असतो? जो रोगट फांद्या वेळेवर छाटतो, काटक्या गोळा करून जाळतो, पानं पोखरणाऱ्या अळीकडे लक्ष देतो, तोच. अळीने केलेल्या जखमेतून खैऱ्याचे जिवाणू आत शिरतात, त्यामुळे या सगळ्याने चट्टे आधीच कमी झालेले. माझी फवारणी उपविजेत्या बागांमध्येच झाली होती. औषध चांगलं असेलही. पण माझ्या आकड्यांवरून ते सांगता येत नव्हतं. पावसाळा गेला तो गेला, खैऱ्या वाढायला पुढच्या जूनची वाट बघावी लागली. फेलोशिपचे महिने मात्र कुणासाठी थांबत नाहीत.

परत टपरीवर येऊ. "ठीक आहे," चुलतभाऊ म्हणाला, "पण पलटण खाली आली ना तो गेल्यावर? ते तरी खरं ना?"

खाली आली हे खरं. पण त्या अकराव्या हंगामात एकच गोष्ट बदलली होती का? अस्लमला गुडघ्याची दुखापत झाली आणि तो हंगामाच्या मध्येच बाहेर गेला. दहाव्या हंगामातला सर्वात मौल्यवान खेळाडू कोण होता? अस्लम. म्हणजे बचावाचा खांब लिलावात गेला आणि चढाईचा खांब दवाखान्यात. छप्पर कशामुळे खाली आलं, हे आता दोन्ही खांब गेल्यावर कसं ओळखणार? गंमत म्हणजे त्या हंगामातल्या पलटणच्या पहिल्याच सामन्यात समोर शादलूचं हरियाणा होतं आणि पलटणने ते हरवलं होतं. तेव्हा अस्लम मैदानात होता. एका सामन्यावरून मी काही सिद्ध करत नाहीये, नाहीतर मीही कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ म्हणेन. पण जो सरळ खाली जाणारा उतार टपरीवर सांगितला जातो, तो असा सरळ नाही, एवढं दिसतं.

खरं तर अस्लमचा प्रश्न शादलूपेक्षा चांगला आहे, संशोधनाच्या दृष्टीने. तीच टीम, तोच प्रशिक्षक, तोच हंगाम, आणि मध्येच एक माणूस जातो. दुखापतीआधीचे सामने आणि नंतरचे सामने शेजारी ठेवून बघता येतात. तरी विरुद्ध टीम वेगळ्या, थकवा वेगळा, तेवढं ध्यानात ठेवायचं. शादलूच्या बाबतीत अशी रेघ मारायला जागा नाही. तो गेला तेव्हा लिलावात टीममध्ये इतरही बदल झाले. तुमचा विषय निवडताना ही रेघ कुठे मारता येईल ते शोधा. विषय किती 'गाजणारा' आहे त्यापेक्षा याला जास्त किंमत द्या.

किंमतीवरून आठवलं. "जास्त पैसे लावले की टीम होते" हेही टपरीवरचं आवडतं मत. पवन सेहरावतला नवव्या हंगामात तमिळ थलैवाजने २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याला दुखापत झाली आणि हंगाम संपला. थलैवाज मात्र त्याच्याशिवाय उपांत्य फेरीत पोचले, त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. तो खेळला आणि टायटन्स तक्त्यात तळाला. मग जास्त पैसे लावले की टीम बुडते असं म्हणू? तेही नाही. संपूर्ण संघासाठी पाच कोटींची मर्यादा असते आणि कायम ठेवलेल्या खेळाडूंचे पैसे त्यातूनच वजा होतात. ज्याने घरचे खेळाडू सोडून दिले त्याच्याच खिशात लिलावाच्या दिवशी रोकड जास्त. म्हणजे मोठी बोली हे कधीकधी श्रीमंतीचं नाही, घर रिकामं झाल्याचं लक्षण असतं. पलटणला मोठी बोली परवडली, कारण अस्लम, मोहित गोयतसारखी पोरं त्यांनी स्वतः वाढवलेली होती आणि ती महाग नव्हती.

आणखी एक, पटकन. टपरीवर एकाने गुणतक्ता काढून दाखवला: "दहाव्या हंगामात ९६ गुण, आता २६. बघा किती घसरलो!" अहो, दहाव्या हंगामात प्रत्येक टीम २२ सामने खेळायची आणि विजयाला ५ गुण होते. बाराव्यात १८ सामने आणि विजयाला २. ते २६ गुण घेऊनसुद्धा पलटण साखळीत अव्वल होती! दोन वर्षांचा डेटा जोडण्याआधी मोजपट्टी तीच आहे का ते बघा. एवढ्यावरून पेपर परत आलेले मी पाहिलेत.

सरावाच्या व्हिडिओंबद्दल मी फार बोलत नाही. हंगाम नसताना प्रत्येक टीम खेळाडू घाम गाळतानाचे व्हिडिओ टाकते आणि आमच्याकडे त्यावरून "यंदा पोरं तयार आहेत" असं ठरतं. खेळाडू पारावर लोळतायत असा व्हिडिओ कुठली टीम टाकेल? टीम तयार असो वा नसो, व्हिडिओ तोच दिसणार. मग त्याने कळलं काय?

पण टपरीला नुसती नावं ठेवून निघून जायला मला आवडणार नाही. तिथल्या लोकांना जे दिसतं ते माझ्या तक्त्यात नाही. एक तात्या आहेत, तरुणपणी गावोगावच्या मैदानी स्पर्धा खेळलेले. ते म्हणाले, "शादलूची पकड सोडा. तो कोपऱ्यात उभा असला की चढाई करणारा त्या बाजूला जातच नाही. उजव्या बाजूच्या पोरांना आधीच माहीत असतं गडी कुठं येणार." हे निरीक्षण सोन्यासारखं आहे. यात कप नाही, किंमत नाही, थेट कार्यकारण आहे, आणि ते तपासता येतं: चढाईपटू कुठल्या बाजूला किती वेळा गेला ते मोजा, तो मैदानात असताना आणि तो बाद होऊन बाहेर बसलेला असताना. एकाच सामन्यात दोन्ही अवस्था मिळतात! मी दोन दिवस 'कप' या शब्दाशी भांडत बसलो आणि खरी प्रयोगाची रचना तात्यांनी चहा पिता पिता दिली.

काष्टीच्या बाजारात बैल घेताना आमच्याकडचे लोक दात बघतात, खूर बघतात, चालवून बघतात. जुन्या मालकाला उसाचा उतारा किती पडला हे कुणी विचारत नाही. खेळाडूच्या बाबतीत मात्र तोच उतारा विचारतो आपण.

निघायच्या आदल्या संध्याकाळी चुलतभावाने मला कोंडीत पकडलं. "एवढं बोललास, आता सांग. पलटणनं शादलूला परत घ्यायचं का नाही?"

"घ्यायचं," मी म्हणालो, "पण दीड कोटीच्या वर नाही."

"दीडच का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आकडा तोंडात आला म्हणून बोललो होतो. तो इतका हसला की चहावाल्या दादांनी वळून पाहिलं.

मग आम्ही त्यांच्याकडून उधारीची वही मागून घेतली आणि मागच्या पानावर तारीख टाकून लिहिलं. त्याचं: शादलू ज्या टीममध्ये जाईल ती फायनल खेळेल. माझं: ती टीम आदल्या हंगामात पहिल्या चारांत असेल तर प्लेऑफ, नसेल तर नाही. तात्यांचं: तो असताना चढाया दुसऱ्या बाजूला जास्त जातील, आणि ते ती बोटांवर मोजणार आहेत. खाली तिघांच्या सह्या. हंगाम सुरू झाल्यावर कुणी शब्द फिरवू नये म्हणून वही दादांकडेच ठेवली आहे, गल्ल्याखाली.