दांडीबहाद्दर

मराठीत समीक्षा कशाची होत नाही? कवितेची होते, नाटकाची होते, नाशकात तर मिसळीच्या रश्श्याची इतकी कसून होते की तेवढी एखाद्या कादंबरीची झाली तर लेखक लिहायचं सोडून देईल. गाण्यातल्या घराण्यांवर वाद घालण्यात लोकांनी आयुष्यं घालवली. पण व्हिडिओ गेमच्या पेटीवर जी दांडी असते, जिच्यावर आमच्या पिढीनं शाळेचे तास, खाऊचे पैसे आणि तळहाताची साल एवढं सगळं वाहिलं, तिच्याविषयी मराठीत कुणी चार ओळी खरडल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ते काम आज अस्मादिकांनी हाती घेतलं आहे. डाव्या हाती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण सगळा वाद तिथंच आहे.

इंग्रजीत तिचं नाव जॉयस्टिक. आनंदाची काठी! आमच्या लहानपणी काठीचा आनंद फक्त गुरुजींना मिळत असे, त्यामुळे ते नाव आमच्या जिभेवर बसलं नाही. काही पोरं हँडल म्हणत, काही स्टिक म्हणत. आम्ही दांडीच म्हणायचो आणि त्यात अर्थाचीही सोय होती. ही दांडी धरायची तर आधी शाळेला ती दुसरी मारावी लागे.

हे १९९२ ते ९५ च्या सुमाराचं नाशिक. रविवार कारंजाच्या आसपासच्या एका बोळात पार्लर होतं. पार्लर म्हटल्यावर आमच्या आईला आधी बायकांचं वाटलं, आणि मुलगा रोज तिथं जातो म्हणून ती काही दिवस निराळ्याच काळजीत होती. अंधारी खोली, पाच पेट्या. पेटी प्लायवूडची, वरून सनमायका, आत टीव्हीची जाडजूड नळी. रुपयाला एक टोकन. नाशिक रोडला सरकार नोटा छापतं, अंजनेरीला जुन्या नाण्यांचा अभ्यास करणारी संस्था १९८० पासून आहे. म्हणजे पैशाचा जन्म आणि पैशाचं तेरावं, दोन्ही आमच्या जिल्ह्याकडे. फक्त मधला, चालता-बोलता एक रुपया तेवढा खिशात सापडायचा नाही.

मी जन्माचा डावखुरा. आमच्या घरात हा किरकोळ स्वरूपाचा गुन्हा समजला जाई. प्रसादाला डावा हात पुढे आला की आजी तो खाली दाबून उजवा वर ओढायची, हापशाच्या दट्ट्यासारखा. शाळेत डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्यात खोचली जायची. भाषेकडे दाद मागावी तर तिनं ‘डावलणे’ हे क्रियापदच आमच्या हातावरून पाडलेलं. आणि त्या बोळातल्या पाचही पेट्यांवर दांडी होती डाव्या बाजूला! उजव्यांची पंचाईत बघण्यासारखी असे. उजवा हात बटणं बडवतोय आणि ज्या डाव्या हातानं जन्मात दप्तर धरण्यापलीकडे काही केलं नाही, तो दांडीवर घाम गाळतोय. मला मात्र कुणी ‘हात बदल’ म्हणालं नाही. सबंध नाशिक शहरात डाव्या हाताला बसायला पाट देणारी तेवढी एकच जागा होती.

दांडी डावीकडे कशी आली, याचा इतिहास सरळ नाही. नामको कंपनीच्या तोरू इवातानींचा पॅक-मॅन १९८० सालचा. त्याला खेळताना दाबायचं बटणच नाही, दांडी मधोमध. लावा वाटेल तो हात! तो समतेचा काळ. त्याच सुमाराला अमेरिकेत घरोघरी टीव्हीला जोडलेला अटारीचा डबा होता. तो डाव्या हातात धरायचा, डाव्याच अंगठ्यानं कोपऱ्यातलं तांबडं बटण दाबायचं आणि दांडी फिरवायची उजव्या हातानं. म्हणजे डावा हमाल आणि उजवा साहेब. १९८१ च्या डाँकी काँगमध्ये दांडी डावीकडे आणि उडीचं बटण उजवीकडे. १९८२ साली निन्टेंडोच्या गुन्पेई योकोईंनी हातात मावणाऱ्या डाँकी काँगसाठी दांडी छाटून टाकली आणि तिच्या जागी सपाट अधिकाचं चिन्ह बसवलं. तेही डाव्या अंगठ्याखाली. पुढे जगानं हाच निकाल कायम केला.

असं का झालं असावं? मी कॉमर्सचा माणूस, माझा विचार गल्ल्यापासून सुरू होतो. अवघड काम कच्च्या हाताला दिलं की गिऱ्हाईक लवकर मरतं, आणि मेलेलं गिऱ्हाईक दुसरा रुपया काढतं. धंदा म्हणून यात काही चूक नाही. फक्त डावखुरं गिऱ्हाईक या हिशेबात धरलेलं नव्हतं. माझा रुपया दुप्पट वेळ टिकायचा आणि पार्लरचे शेठ माझ्याकडे, फुकट पेपर वाचणाऱ्या माणसाकडे सलूनवाला बघतो तसे बघायचे.

आता घराणी. पहिलं गिअर घराणं. सबंध मुठीत दांडी धरायची आणि सीबीएसवर एसटीचा ड्रायव्हर गिअर टाकतो तशी खांद्यापासून हाणायची. या घराण्याचा गवई शेवटच्या राक्षसाला मारतो तेव्हा धक्क्यानं शेजारच्या पेटीवरचाही कुणीतरी मरतो. दुसरं तपकीर घराणं: अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत दांडीचं टोक. नाजूक, नेटकं, हुशार मुलांचं. आणि तिसरं आमचं. तळहात आभाळाकडे, दांडी दोन बोटांच्या फटीत, वरचा गोटा तळव्यात. इंग्रजीत याला वाईनच्या पेल्याची पकड म्हणतात. आज नाशिकला लोक वाईनचं गाव म्हणतात, पण सुला निघाली १९९९ साली. त्याआधी आमच्या आळीत पेला म्हणजे दुधाचा. आम्हाला आचमन ठाऊक होतं, म्हणून हे आचमन घराणं. फक्त डाव्या हातानं, त्यामुळे घरी करून दाखवायची सोय नव्हती.

घराण्याची परीक्षा स्ट्रीट फायटर-दोनमध्ये. कॅपकॉमचा हा खेळ १९९१ चा. यातला र्‍यू हातातून निळा गोळा सोडतो, त्यासाठी दांडी खाली, मग तिरपी, मग पुढे न्यायची आणि त्याच दमात गुद्द्याचं बटण. सगळी मेख त्या मधल्या तिरप्यात. ती मींड आहे. गिअर घराण्याचा हात खालून थेट पुढे उडी मारतो, तिरपा स्वर गाळतो, आणि र्‍यू भर रस्त्यात हवेला गुद्दा मारून उभा राहतो. तपकिरीवाल्यांची मींड सुरेख, पण जोरात धक्का द्यायची वेळ आली की चिमूट सुटते. आचमनात मात्र मनगट नुसतं वळतं आणि गोळा निघतो. (याच खेळात आपल्या देशाच्या वतीनं धालसिम नावाचा साधू आहे. गळ्यात कवट्या, तोंडातून जाळ, हातपाय वाटेल तेवढे लांब होतात. १९९१-९२ चा सिंहस्थ नुकताच पाहिलेल्या नाशिकच्या पोरांना त्यात विशेष काही वाटलं नाही.)

पण पक्षपात नको. कॅपकॉमचाच १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स घ्या. हे नाव पार्लरात कुणी उच्चारल्याचं आठवत नाही. त्यात चार वीर होते, पैकी मुस्तफा कैरो सर्वांत चपळ, म्हणून खेळाचंच नाव ‘मुस्तफा’. दोनच बटणं, आणि एका दिशेला दांडीचे दोन झटके दिले की तो धावत सुटतो. इथं मींड-बिंड कुणी विचारत नाही. इथं गिअर घराणंच थोर, आणि आचमनवाल्यांनी गुमान मागं उभं राहून कुणाच्या टोकनला किती जीव उरलेत ते मोजावं.

आमच्या पार्लरातल्या दांडीचा स्वभाव मात्र कुठल्याच पुस्तकात बसणारा नव्हता. एकदा मेकॅनिकनं पेटी उलटी केली तेव्हा तिचं पोट बघायला मिळालं. दांडी मध्यावर अडकवलेली, आणि खालच्या टोकाभोवती चार स्विच. वरून उजवीकडे ढकलली की खालचं टोक जातं डावीकडे, आणि दाबला जातो तो डावीकडचा स्विच. साक्षात डबल एंट्री! प्रत्येक नावेला जमा असतेच, हे पुढे अकरावीत बुककीपिंगच्या सरांना वर्षभर शिकवावं लागलं. मी ते सातवीत पेटीच्या पोटात वाचून आलो होतो. आता, या खेळांतले वीर बहुतेक डावीकडून उजवीकडे चालतात. त्यामुळे सगळा घसारा एकाच बाजूला. शेठनी घसाऱ्याची तरतूद कधी केली नाही. अखेर अशी वेळ आली की मुस्तफाला पुढे न्यायचं तर दांडी ढकलून किंचित वर उचलावी लागे, अडलेलं कपाट उघडतात तशी. ही युक्ती फक्त आम्हा रोजच्या गिऱ्हाइकांना ठाऊक. नाशिक रोडकडून आलेला चांगला खेळाडूही आमच्या पेटीवर दोन मिनिटांत मरायचा. कुणी याला सदोष यंत्र म्हणेल. मी म्हणतो, प्रत्येक दांडीला गावची बोली होती.

पेटीतले खेळ बदलत, दांडी तीच. जपानी कंपन्यांनी १९८५ च्या सुमारास जामा नावाचा छप्पन्न टोकांचा जोड ठरवून घेतला होता, त्यामुळे आतली पाटी बदलली की जुन्या पेटीत नवा खेळ सुरू. फक्त हा जोड ठरवताना एका माणसाला सहा बटणं लागतील हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. स्ट्रीट फायटरला तीन गुद्द्यांची आणि तीन लाथांची बटणं लागतात. लाथांची वायर वेगळी जोडावी लागते, ती आमच्या शेठनी जोडलीच नाही. चुन-ली ही बाई तिच्या लाथांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. आमच्या बोळात तिनं कधी पाय उचलला नाही. घरंदाज!

यथाकाल मी बी.कॉम. झालो आणि बँकेत चिकटलो. तिथं डाव्या हातानं नोटा पुढे केल्या तर आजही एखादे काका हात मागं घेतात. “साहेब, लक्ष्मी आहे, उजव्या हातानं द्या.” मी देतो. वाद घालत नाही, मागं रांग असते. पण ड्रॉवरमधून नोटांची बंडलं काढणारा डावा हात त्या क्षणी टेबलाखाली उगाच मूठ उघडझाक करतो, हे मी पाहिलं आहे.

म्हणूनच भाच्यानं बोलावल्यावर मी पळत गेलो. तो गंगापूर रोडला राहतो, कॉम्प्युटरात आहे, आणि आजी दांडिया जपून ठेवायची तशा त्याच्या खणात दांड्या आहेत. “मामा, बघ तरी लावून.” दिवाळीच्या सुट्टीत मी सगळ्या लावून बघितल्या. जपानी सान्वा: पस्तीस मिलिमीटरचा गोल गोटा, स्प्रिंग हलकी, खाली चौकोनी भोक. बोट टेकलं की टिक्. तिरपी न्यावी तर आपणहून कोपऱ्यात जाऊन बसते. अत्यंत सुसंस्कृत. पण स्ट्रीट फायटरातला झांगिफ नावाचा रशियन पैलवान धरून आपटायचा तर दांडी पूर्ण गोल फिरवावी लागते, आणि चौकोनात गोल फिरवणं म्हणजे… जात्याला कोपरे कुणी पाहिलेत? अमेरिकन दांडी मुदगलासारखी, वर फुगीर, स्प्रिंग दणकट. गिअर घराण्यानं हिच्याशी लग्न लावावं. कोरियन निराळीच. तिच्यात स्प्रिंग नाही, रबराचा जाड बूच आहे, आणि भोक गोल. जितकी लांब न्याल तितकी ती अधिक ओढ घेते. जपानी दांडी कुठंही नेली तरी ‘हो’च म्हणते, हात मध्यापासून किती दूर आलाय हे तिच्या तोंडावरून कळत नाही. कोरियन पावलोपावली कुरकुरते, आणि त्या कुरकुरीवरून हाताला डोळे मिटून पत्ता लागतो. मी कोरियनला पहिला नंबर दिला.

“मामा, पण आता दांडी कुणी वापरतच नाही,” भाचा म्हणाला आणि त्यानं एक चपटी पेटी मांडीवर ठेवली. वर नुसती बटणं. चारही दिशांना चार बटणं, दांडी गुल! स्पर्धांत मोठमोठे खेळाडू हीच घेऊन बसतात म्हणे, कारण बटण दाबायला दांडी ढकलण्यापेक्षा कमी वेळ लागतो. मी लगेच आक्षेप नोंदवला. यात मींड कुठाय? खाली, पुढे, टक् टक्. मधला तिरपा स्वर म्हणजे दोन बटणं एकदम दाबणं. हार्मोनियमबद्दल हीच तक्रार होती. पेटीत मींड निघत नाही म्हणून आकाशवाणीनं १९४० साली तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत होती. भाच्यानं हे सगळं ऐकून घेतलं आणि मला सलग अकरा वेळा हरवलं.

बाराव्या वेळी एक गोष्ट ध्यानात आली. बाजाच्या पेटीत उजवा हात सूर वाजवतो आणि डाव्यानं नुसता भाता हलवायचा. इथं दिशांची पट्टी सबंध डाव्या हाताखाली होती, चारही बोटं कामाला. मी पेटी मांडीवर ओढली. माझा र्‍यू दोन पावलं मागं सरकला, खाली बसला आणि निळा गोळा निघाला. आई तेव्हाच ताटलीत चकल्या घेऊन आली होती. माझा डावा हात चटकन पेटीवरून उचलून चकलीकडे गेला.

“उजव्या हातानं घे रे,” आई म्हणाली.

उजवा गुद्दे मारत होता.