सरकीवरचं तूप

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाडच्या बाजूचं, सरकी खाणाऱ्या गाई-म्हशींचं तूप हिवाळ्यात चिमटीत धरून पाहावं. रवा टपोरा आणि घट्ट. बोटांच्या उबेनं तो लगेच हार मानत नाही. जिभेवर आधी कण जाणवतो, मग सावकाश विरघळतो. दरवळ मंद. मला हा मंदपणाच आवडतो.

हा कण गव्हाणीतून येतो. मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला रेल्वे कारंज्यावरून धावली ती कापसासाठी. रुई बाहेर गेली, सरकी आणि ढेप गोठ्यात आली. सरकीच्या तेलातली काही खास मेदाम्लं जनावराच्या शरीरातलं एक विकर अडवतात. घट्ट मेदाचा मऊ मेद करणं हे त्या विकराचं काम. ते अडलं की लोणी कडक होतं, तूप रवाळ. त्या मेदाम्लांचा अंश दुधातही उतरतो. म्हणून सरकीच्या तेलाची भेसळ पकडणारी हाल्फेन चाचणी कधी अस्सल तुपालाही आरोपी ठरवते. शिवाय या तुपात उडणारी आम्लं कमी. 1955च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत कापूसपट्ट्यातल्या तुपाला, ही आम्लं मोजणाऱ्या रायकर्ट-माइसल अंकाची वेगळी, खालची मर्यादा होती. जनावर काय खातं याची दखल कायद्यानं घ्यावी, याहून मोठी दाद कोणती?

उडणाऱ्या आम्लांतलं मुख्य ब्युटिरिक. मेदात बांधलेलं असतं तोवर त्याचा त्रास नाही. सुटं झालं की खवट वास. ते सुटं करणारं विकर दुधातच असतं, आणि आटत आलेल्या, अर्धपोटी गाईच्या दुधात त्याचं लवकर फावतं. लोणी नीट कढवलं की विकर मरतं, पाणी उडतं. दुसरा खवटपणा हवेचा. मेद जितका मऊ, तितक्या लवकर तो हा खवटपणा धरतो. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यातलं तांबं त्याला आणखी घाई करतं. सरकीवरचं घट्ट तूप इथे सोशिक.

आता वाशिमचं शिवार सोयाबीनचं झालं. ज्वारी हटली, कडबा महागला, गोठ्यात सोयाबीनचं कुटार आलं. कुटारानं पोट भरतं, पोषण बेताचंच होतं. भरडलेलं सोयाबीन खुराकात वाढलं, तर मेद मऊ होतो आणि तूप ढिलं. माझ्या लेखी कडबा, थोडा हिरवा चारा आणि घाण्यावरची, तेल राखलेली सरकी ढेप हाच या तुपाचा खरा खुराक. कारंज्याकडे तूप घ्याल तेव्हा भाव नंतर करा. आधी विचारा, गव्हाणीत सरकी आहे का.