लवचिक सांध्याची करामत

काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारके तुकडे, एवढ्या साहित्यात अरविंद गुप्ता यांनी मुलांसाठी अख्खे बांधकामशास्त्र मांडले. कानपूर आयआयटीतून १९७५ साली अभियंता झालेले गुप्ता पुण्याला टेल्कोत होते. १९७८मध्ये रजा काढून ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि खेळण्यांतच रमले.

कृती सोपी आहे. काडीवरचे गुल खरवडायचे, नळीच्या तुकड्यात दोन्ही बाजूंनी एकेक काडी खुपसायची, की झाला सांधा. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबा, आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लागताच कलंडतो.

या रचनेची सगळी गंमत त्या मऊ नळीत आहे. आइस्क्रीमच्या काड्या आणि फेव्हिकॉल घेऊन पूल बांधायच्या स्पर्धा आपण पाहतो. वाळलेला फेव्हिकॉल चौकोनालाही ताठ धरतो. वजन ठेवल्यावर पूल मोडतो, पण तो का मोडला हे मुलांना उमगत नाही. रबरी सांधा कुणाचीच भीड ठेवत नाही. आकारात बळ असेल तरच तो उभा राहतो.

पुढची पायरी त्याहून सुंदर. डगमगणारा चौकोन सावरायला तिरकी काडी घालावी, तर ती आखूड पडते! कर्ण बाजूच्या सुमारे १.४१ पट असतो. मग खराट्याची लांब काडी मोजून, तोडून बसवावी लागते. पायथागोरस इथे पाठांतरातून येत नाही, अडचणीतून येतो. सहा काड्यांचा चतुष्फलक केला, की तोच त्रिकोण चहूबाजूंनी भिंतीसारखा उभा राहतो.

हा खेळ खेळलेले मूल वाशीच्या पुलावरून जाताना खाडीतले विजेचे मनोरे वेगळ्या नजरेने पाहील. लोखंडाच्या त्या जाळीत त्याला त्रिकोणच त्रिकोण दिसतील.

एक उणीव सांगायला हवी. मऊ सांध्यांचा हा सांगाडा फारसे वजन पेलत नाही, त्यामुळे ताकदीची परीक्षा त्यावर होत नाही. म्हणून नवी मुंबईतल्या शाळांना एक विनंती: पूलबांधणीच्या स्पर्धेआधी एक तास मुलांच्या हाती व्हॉल्व्ह ट्यूब द्या, फेव्हिकॉलची बाटली त्यानंतर उघडा.