जागेवरून न हललेली मालिका

अमेरिकेतील 'स्टार ट्रेक' या विज्ञानकथांच्या कुळात १९९३ सालच्या जानेवारीत 'डीप स्पेस नाइन' ही नवी दूरचित्रवाणी मालिका जन्माला आली, तेव्हा तिच्याविरुद्ध पहिली तक्रार झाली ती अशी की, ही मालिका कोठेच जात नाही. तक्रार अक्षरशः खरी होती. १९६६ ते १९६९ या काळातील मूळ मालिका आणि १९८७ मध्ये सुरू झालेली 'द नेक्स्ट जनरेशन' या दोहोंचा प्राण म्हणजे 'एंटरप्राइज' हे अवकाशयान. दर आठवड्याला एक नवा ग्रह, तेथला एक नवा पेच, तासाभरात त्याची उकल आणि पुढच्या आठवड्यात यान भलतीकडेच! ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर मूळ मालिका पाहिलेल्या आमच्या वाचकांना ही रीत आठवत असेल. नव्या मालिकेत यानाच्या जागी एक अवकाशतळ आला. तोही जुना, मोडतोड झालेला आणि परक्या राज्यकर्त्यांनी बांधलेला. कार्डेशियन लोकांनी बजोर नावाचा ग्रह सुमारे पन्नास वर्षे गुलामीत ठेवला, लुटला, आणि शेवटी ते निघून गेले. मागे उरलेल्या तळावर पृथ्वीवासीयांच्या महासंघाचा अधिकारी बेंजामिन सिस्को आपल्या मुलाला घेऊन राहावयास येतो, येथून कथा सुरू होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. स्टार ट्रेकचे जनक जीन रॉडनबेरी ऑक्टोबर १९९१ मध्ये निवर्तले. त्यांच्या पश्चात रिक बर्मन आणि मायकेल पिलर यांनी ही मालिका उभी केली, आणि मूळ स्वप्नाशी ही प्रतारणा आहे असे अनेक निष्ठावंतांना वाटले. रॉडनबेरी यांचे स्वप्न काय होते? मनुष्यजात चोविसाव्या शतकापर्यंत इतकी प्रौढ झालेली असेल की, लोभ, आपसांतील भांडणे आणि त्याबरोबरच धर्म, हे सारे तिने मागे टाकलेले असेल. १९८९ साली प्रक्षेपित झालेल्या 'हू वॉचेस द वॉचर्स' या भागात कॅप्टन पिकार्ड एका मागास जमातीची देवश्रद्धा म्हणजे अंधारयुगाकडे परतणे होय, असे सडेतोडपणे सांगतो. त्या विचाराचा आम्हांला राग नाही. त्याच स्वप्नाने वंशभेदाच्या काळात एका कृष्णवर्णीय स्त्रीला यानाच्या सुकाणूकक्षात सन्मानाची जागा दिली होती. परंतु त्या विचाराच्या चौकटीत श्रद्धावंत माणूस नेहमी आजारी म्हणून यायचा, आणि यानावरचे लोक वैद्याच्या भूमिकेत.

'डीप स्पेस नाइन'ने ही चौकट मोडली, आणि ती मोडता आली याचे कारण, आमच्या मते, तोच तिच्यावरचा पहिला आक्षेप होय. मालिका जागेवरून हलत नाही! आपल्या धर्मग्रामात मिशनसाठी एखादे वक्ते धर्मगुरू येतात, तीन दिवस प्रवचनांनी चर्च दणाणून सोडतात आणि चौथ्या दिवशी निघून जातात. त्यांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पण त्या प्रवचनानंतर ज्यांच्यात बिनसले, ज्यांची मने दुखावली, त्यांच्याबरोबर पुढची पाच वर्षे काढायची असतात ती तेथल्या प्रमुख धर्मगुरूंना. पिकार्ड हा पाहुणा प्रवचनकार आहे. सिस्कोच्या वाट्याला धर्मग्राम आले आहे. बजोरचे लोक श्रद्धाळू आहेत. गुलामीच्या काळात त्यांना तगवले ते त्यांच्या श्रद्धेने. तळाजवळ उघडलेल्या कृमिविवरात, म्हणजे अवकाशातील एका बोगद्यात, राहणाऱ्या कालातीत जीवांना ते 'संदेष्टे' मानतात, आणि सिस्कोला त्यांचा दूत. सिस्को स्वतः त्यांना केवळ परग्रहवासी समजतो. अशा लोकांवर एकदा शेरा मारून त्याला पुढे जाता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच माणसे त्याला त्याच बाजारपेठेत भेटतात.

पहिल्या वर्षाच्या शेवटी, जून १९९३ मध्ये, लागोपाठ आलेल्या दोन भागांनी मालिकेची जात ठरवली. 'इन द हँड्स ऑफ द प्रॉफेट्स' हा भाग तळावरच्या शाळेचा आहे. शिक्षिका मुलांना कृमिविवराचे शास्त्र शिकवते. विन नावाची धर्माधिकारी तेथे येऊन त्यास पाखंड ठरवते. बजोरी पालक मुलांना काढून घेतात. शाळेत स्फोट होतो. वर्गात गॅलिलिओचा खटला शिकून आलेला सिस्कोचा मुलगा जेक म्हणतो की, या लोकांच्या समजुती मूर्खपणाच्या आहेत. येथे आधीच्या मालिकांतील कोणत्याही कप्तानाने मान डोलावली असती. सिस्को मात्र मुलाला थांबवतो. या लोकांनी जे सोसले त्यात त्यांच्याजवळ या श्रद्धेशिवाय काही उरले नव्हते, आणि आपण तसे मानीत नाही एवढ्याने ते चुकीचे ठरत नाही, असे तो समजावतो. त्याच वेळी शाळेच्या प्रश्नावर तो विनपुढे तसूभरही नमत नाही. गॅलिलिओच्या बाबतीत ख्रिस्तसभेच्या न्यायकर्त्यांकडून चूक झाली होती, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी याच्या अवघे काही महिने आधी, ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी जाहीरपणे मान्य केले होते. त्यामुळे हा भाग पाहताना आम्हां कॅथलिकांना थोडे अंग चोरून बसावे लागते, आणि ते योग्यच आहे.

त्याच्या आदल्या आठवड्यातील 'ड्युएट' हा भाग तर एका खोलीतल्या दोन माणसांचा आहे. बजोरच्या मुक्तिलढ्यात लढलेली मेजर किरा हिच्यासमोर एक कार्डेशियन कैदी येतो. छळछावणीचा क्रूर अधिकारी तो हाच, अशी तिची खात्री पटत जाते. प्रत्यक्षात तो तेथला एक सामान्य कारकून निघतो. रात्री कानांवर हात ठेवून किंकाळ्या टाळणारा हा मनुष्य स्वतःला जाणूनबुजून त्या अधिकाऱ्याच्या नावाने पकडवून घेतो, हेतू हा की खटला चालावा आणि आपल्या देशाला आपल्या पापाची कबुली द्यावी लागावी. दुसऱ्याच्या पापाचे प्रायश्चित्त स्वतःच्या देहावर घेऊ पाहणारा हा कारकून हॅरिस युलिन यांनी असा उभा केला आहे की, पाहणाऱ्याच्या घशात आवंढा येतो. शेवटी एक बजोरी माणूस त्याला भोसकतो. कारण विचारता, तो कार्डेशियन होता एवढेच सांगतो. ते कारण पुरेसे नाही हे किराच्या तोंडून येते, त्याच किराच्या, जिला भागाच्या आरंभी ते पुरेसे वाटत होते.

एवढे असूनही मानसन्मान बेताचेच. 'द नेक्स्ट जनरेशन'ला १९९४ मध्ये सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेसाठी एमी पारितोषिकाचे नामांकन मिळाले. या मालिकेला त्या विभागात सात वर्षांत एकदाही नाही. विज्ञानकथेच्या क्षेत्रातील ह्युगो पारितोषिकासाठी तिचे दोन भाग १९९६ व १९९७ साली नामांकित झाले आणि दोन्ही वेळा 'बॅबिलॉन ५' या प्रतिस्पर्धी मालिकेने बाजी मारली. 'टीव्ही गाइड'ने अभिनय, लेखन व निर्मिती या तिन्ही अंगांनी तिला आपल्या कुळातली सर्वश्रेष्ठ ठरविले खरे, पण प्रेक्षक वर्षागणिक घटतच गेले. १९९९ च्या जूनमध्ये ती संपली.

वारे फिरले ते नंतर. मालिकेचे एक लेखक रोनाल्ड मूर यांनी पुढे 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'ची नवी आवृत्ती केली, तिला समीक्षकांनी डोक्यावर घेतले, आणि तिची पाळेमुळे शोधीत लोक मागे 'डीप स्पेस नाइन'पाशी आले. आठवड्याला एक भाग पाहताना जे लांबलचक कथासूत्र हातातून निसटत होते ते सलग पाहणाऱ्यांना सापडले. २०१९ साली तर तिच्यावरचा माहितीपटच अमेरिकेतील चित्रपटगृहांत लागला. आता तिची स्तुती होते ती 'अंधारी', 'धीट', 'स्वप्नाळूपणा झुगारणारी' अशा विशेषणांनी.

आमचा मतभेद आहे तो या स्तुतीशी. निंदकांनी जो काळोख दोष म्हणून दाखवला तोच आता गुण म्हणून दाखवला जातो; मोजपट्टी तीच राहिली. १९९८ च्या 'इन द पेल मूनलाइट' या बहुप्रशंसित भागाचेच पाहा. महासंघ युद्ध हरत आला आहे. रोम्युलन साम्राज्याला आपल्या बाजूने ओढण्यासाठी सिस्को खोटा पुरावा तयार करवतो, त्यातून खून होतात, साम्राज्य युद्धात उतरते. हे सारे तो यंत्रापुढे एकटा बसून सांगतो आणि अखेरीस, या ओझ्यासह आपण जगू शकतो असे म्हणून, ती नोंद पुसून टाकतो. नीतीच्या बेड्या तोडणारा भाग म्हणून याचा गौरव होतो. आम्हांला त्यात दिसते ते पापनिवेदन. पापनिवेदनाची सारी अंगे तेथे आहेत: आठवण, क्रमवार कबुली, लाज. नाही तो ऐकणारा, आणि म्हणून क्षमाही नाही. जगू शकतो हे वाक्य तो दोनदा उच्चारतो. दुसऱ्यांदा ते कोणाला पटवण्यासाठी आहे हे अव्हरी ब्रूक्स यांचा चेहरा सांगतो. नीती सुटलेल्या माणसाला असा चेहरा असत नाही.

नामवंत भागांच्या याद्यांत क्वचितच दिसणारा 'ॲक्सेशन' हा १९९६ चा भाग भारतीय प्रेक्षकाने मुद्दाम पाहावा. दोनशे वर्षांपूर्वीचा एक बजोरी कवी कृमिविवरातून बाहेर येतो, खरा दूत मीच असे म्हणतो, आणि कालबाह्य झालेली जातिव्यवस्था पुन्हा लागू करण्याची आज्ञा देतो. श्रद्धेपोटी लोक ऐकतात. किरा लढवय्येपण सोडून मूर्ती घडवू पाहते, कारण तिचे कूळ कलावंतांचे! आणि थोड्याच दिवसांत एक धर्माधिकारी दुसऱ्या धर्माधिकाऱ्याला उंचावरून ढकलून ठार करतो, कारण तो मृतांची व्यवस्था पाहणाऱ्या जातीचा होता. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जे धुऊन निघायला हवे होते ते लग्नाच्या बोलणीत पुन्हा वर येते, हे ज्या समाजांना ठाऊक आहे त्यांना हा भाग परग्रहावरचा वाटू नये.

मग मालिका निर्दोष आहे काय? मुळीच नाही, आणि तिचे ढळणे नेमके तिच्या बलस्थानीच घडले. विन ही भूमिका लुईस फ्लेचर यांची. 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट'मधील परिचारिकेच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळवलेल्या या अभिनेत्रीने गोड शब्दांत विष कालवणारी धर्माधिकारी अविस्मरणीय केली. पण तिला केवळ दुष्ट ठेवलेले नाही. श्रद्धेची शिकवण दिल्याबद्दल पाच वर्षे तुरुंगात तिने मार खाल्ला, हे १९९६ च्या 'रॅप्चर'मध्ये कळते. आणि ज्यांच्यासाठी खाल्ला ते संदेष्टे तिच्याशी आयुष्यात एकदाही बोललेले नाहीत. प्रार्थनेला उत्तर न मिळणाऱ्या माणसाचे हे दुःख कोणत्याही भाविकाला परिचयाचे आहे. येथे लेखकांच्या हाती सोने लागले होते. शेवटच्या दोन वर्षांत मात्र त्यांनी संदेष्ट्यांच्या विरोधात अग्निरूपी सैतान उभे केले, विनला त्यांच्या पंथाला लावले, दुकातसारख्या गुंतागुंतीच्या खलनायकाच्या डोळ्यांत लाल उजेड घातला, आणि श्रद्धेचा प्रश्न चेटकाच्या पोथीपर्यंत खाली आणला.

याहून खटकते ती सिस्कोच्या जन्माची कथा. १९९८ मध्ये असे उघड होते की, संदेष्ट्यांपैकी एकाने सारा नावाच्या स्त्रीच्या देहात शिरून सिस्कोच्या वडिलांशी लग्न केले. मूल जन्मल्यावर संदेष्टा निघून गेला, आणि जाग आलेली सारा, जे लग्न तिने निवडलेच नव्हते ते सोडून निघून गेली. दैवी योजनेतून झालेला जन्म आपणांस अपरिचित नाही. पण नाझरेथच्या कथेचा सारा भार एका मुलीच्या होकारावर आहे. देवदूत विचारतो, थांबतो, आणि तिने हो म्हटल्यावरच परततो. साराला कोणी विचारलेच नाही. मालिका या अन्यायापाशी क्षणभरही थबकत नाही; सिस्को थोडा संतापतो आणि कथा पुढे सरकते. एका कारकुनाच्या अपराधभावनेसाठी पूर्ण तास देणाऱ्या मालिकेकडून ही घाई अपेक्षित नव्हती.

असाच प्रसंग शेवटच्या भागात पुन्हा आला. सिस्को संदेष्ट्यांमध्ये विलीन होतो आणि गरोदर पत्नी कॅसिडी मागे राहते, कायमची, अशी मूळ संहिता होती. चित्रणानंतर ब्रूक्स यांनी लेखकांना कळवले की, एक कृष्णवर्णीय पुरुष गर्भवती पत्नीला टाकून जातो हे चित्र त्यांना अस्वस्थ करते. लेखकांनी ते मानले आणि प्रसंग नव्याने चित्रित झाला. त्यात सिस्को तिला सांगतो की आपण परत येऊ, कदाचित वर्षाने, कदाचित काल. त्यानंतर तळाच्या खिडकीशी जेक उभा दिसतो, किरा येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवते, आणि कॅमेरा हळूहळू दूर जात राहतो.